लिंबू अडकलं तेव्हा परवानगी मिळाली

दिवाळीच्या आधी इमारतीच्या रंगकामाची परांची उतरली आणि आठवड्याभरात लक्षात आलं, सकाळचा चिवचिवाट बंद झालाय. जुन्या पाइपांची भोकं, मीटरच्या खोलीवरची फट, सज्ज्याखालच्या भेगा, सगळं रंगाऱ्यांनी सिमेंटने लिंपून टाकलं होतं. चिमण्या तिथेच तर राहायच्या! सदाशिव पेठेतल्या आजोळच्या वाड्याला वळचण होती, आमच्या सात मजल्यांना कुठली असायला?

पहिलं घरटं मी बाजारातून आणलं. लालचुटूक, पुढे बसायला छोटीशी दांडी. उन्हाळा लागेपर्यंत कोणी फिरकलं नाही, मग साळुंकीने त्यात संसार थाटला. साळुंकीशी माझं वैर नाही, पण पट्टी घेऊन भोक मोजलं तर 50 मिलिमीटर निघालं. चिमणीला 32 पुरतात. आणि दांडी तर मुळीच नको. चिमणी भोकाच्या कडेला पंजे रोवून आत शिरते; दांडी सोयीची पडते ती पिल्लांवर टपलेल्या कावळ्याला.

मग गल्लीतल्या सुतारकाकांना गाठलं. 12 मिलिमीटरचा प्लाय, उतरतं छप्पर, तळाला पाणी निघायला बारीक भोकं, साफसफाईसाठी स्क्रूवर उघडणारी बाजू. चिमण्यांना शेजारपाजार लागतो, म्हणून एकाच पेटीत तीन खण. पुढच्या फळीला आतून आडव्या खाचा पाडायला सांगितल्या, तेव्हा काका वैतागले. "आतून कोण बघणारे?" म्हटलं, पिल्लांना वर चढायला लागतात. त्यांनी मग पॉलिशसुद्धा करू का विचारलं. मी वासाचं काही नको म्हणाले, तर चेहरा पडला त्यांचा.

सेक्रेटरींना भीती कबुतरांची. तीही रास्तच, आमच्या डक्टची अवस्था बघवत नाही. मी मीटिंगला पेटी आणि एक लिंबू घेऊन गेले. लिंबू भोकाला लावलं, ते अडकलं. "कबुतर यातून कसं जाईल?" कोणीतरी मिरच्याही बांधा म्हणालं, पण परवानगी मिळाली.

पेटी लावली मात्र माझ्या खिडकीशेजारी, म्हणजे पश्चिमेला. स्वार्थ, दुसरं काय! ऑक्टोबरमध्ये दुपारी छपराला हात लावला तर चटका बसला. आत पिल्लं असती तर भाजून निघाली असती. पेटी काढून पूर्वेच्या भिंतीवर सज्ज्याखाली नेली, एसीच्या युनिटपासून आणि मांजर चढेल अशा पाइपापासून लांब. आता मला ती बघायला जिन्यात उभं राहावं लागतं. पिल्लांना दाण्यांपेक्षा अळ्या-किडे लागतात, म्हणून कुंपणाच्या मेंदीवरची फवारणीही थांबवायला लावली; त्यावरून दोन घरांनी बोलणं सोडलंय.

फेब्रुवारीत गळ्याशी काळा पट्टा असलेला चिमणा मधल्या खणाच्या तोंडाशी बसून ओरडायला लागला. पाचव्या दिवशी चिमणी सुतळीचा तुकडा घेऊन आली. मधोमध धरलेला, त्यामुळे भोकात जाईना. तीनदा खाली पडला, तीनदा तिने उचलून आणला. चौथ्यांदा टोकाला धरला आणि सुतळी सरसर आत गेली.