पहिलं सिंगल, सहावा आठवडा: माग क्लिकवर बसेना

मागच्या नोंदीत ‘ड्रम झाले’ असं मोठ्या तोंडानं लिहिलं होतं. नाही झाले. सगळे पुसले.

गाणं इचलकरंजीचं, त्यामुळे सुरुवातीला मामाच्या कारखान्यातला खरा यंत्रमाग वाजणार हे ठरलेलंच होतं. फोनवर घेतलेला आवाज फाटला, म्हणून या खेपेला साधा डायनॅमिक माइक, गेन अगदी खाली आणि मागापासून दोन हात लांब. आवाज झकास आला. धोटा (आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो) पेटीत आदळतो तो ‘खट’ आणि पाठोपाठ तो धागा ठोकून बसवणाऱ्या फणीचा जड ‘धप’.

पण मोजलं तर हा माग मिनिटाला 128 धोटे मारतो आणि शेजारचा 131. दर 20 सेकंदांनी दोघं क्षणभर जुळतात, की लगेच फाटले. क्लिक, म्हणजे कानात वाजणारी तालाची टिकटिक, 128 ला लावूनही आमचा ड्रमर शेजारच्याच्या नादी लागून पळायचा. मामाला म्हटलं, दोन्ही एका वेगात लाव की. “पट्टा सरकतो रं. माग म्हंजे तबला हाय व्हय?”

शेवटी दुसऱ्या मागाचा ट्रॅक किंचित ताणून 130 वर आणला. आता ते बरोबर 30 सेकंदांनी भेटतात, म्हणजे 128 च्या टेम्पोत नेमके 16 बार (चार ठोक्यांचा एक). त्या भेटीवरच धृपद सुरू होतं. दोन आठवडे गेले, पण हा जुगाड मला गाण्यातल्या कुठल्याही रिफपेक्षा जास्त आवडतो.

दुसरी डोकेदुखी, मागांच्या मोटारींची 50 हर्ट्झची घुमघुम. बेस गिटारचा खालचा जी सूर 49 हर्ट्झचा, त्यामुळे दोन्ही मिळून आवाजात सेकंदाला एक हेलकावा! मागाच्या ट्रॅकवर 120 हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं. मामाला ऐकवलं, तर पहिला प्रश्न, “धप कुठं गेली?” मग खाली फ्लोअर टॉम (खोल आवाजाचा मोठा ड्रम) घातला.

शब्दांत गायकाला ‘1904 साली गावात पहिला यंत्रमाग’ हवं होतं. ओळ नगरपालिकेच्या स्मरणिकेतली वाटली, उडवली. त्या जागी आता रात्रपाळी सुटल्यावरचा कटिंग चहा आणि केसांत अडकलेला कापूस आहे.

सोलो राहिलाय. रविवारी घेतो, वीज राहिली तर.