सिंधुपाल्चोकच्या शाळेपर्यंत: नेपाळमध्ये मुलांसाठी मदत नेताना

नेपाळमधील मुलांसाठी जमवलेली रक्कम काठमांडूतील एखाद्या बालगृहाला द्यावी की डोंगरातील सरकारी शाळेला, हा प्रश्न आमच्या गटापुढे निघण्यापूर्वीपासून होता आणि त्याचे उत्तर आम्हाला काठमांडूतच मिळाले. तेथील एका बालगृहात आम्ही पोहोचताच अभ्यासाला बसलेल्या मुलांना उठवून रांगेत उभे करण्यात आले आणि त्यांनी स्वागतगीत म्हटले. गाणे संपल्यावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली आणि आई गावी शेती करते, दशैंला, म्हणजे तिथल्या दसऱ्याला, ती भेटायला येणार होती पण आली नाही, असे तिने अगदी सहज सांगितले.

अनाथ म्हणून ठेवलेल्या मुलांचे आईवडील हयात असणे नेपाळमध्ये अपवादात्मक नाही. हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून चांगल्या शिक्षणाचे आमिष दाखवून दलालांनी मुले राजधानीत आणल्याची आणि खोट्या कागदपत्रांच्या आधारे त्यांना अनाथ ठरवल्याची प्रकरणे अनेकदा उघडकीस आली आहेत. २०१५ च्या भूकंपानंतर तर पालकांविना मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर सरकारला निर्बंध घालावे लागले. पाहुण्यांच्या देणग्यांमुळे अशा संस्थांना मुले गोळा करण्याचे कारण मिळते, म्हणून मूल आपल्या घरी राहूनच शिकेल अशा ठिकाणी मदत पोहोचावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

आम्ही सिंधुपाल्चोककडे निघालो. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाने सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांपैकी हा एक. तो शनिवार होता, म्हणजे नेपाळमधील साप्ताहिक सुटीचा दिवस. हजारो वर्गखोल्या कोसळल्या, पण त्या वेळी त्यांत मुले नव्हती. चढणीच्या कच्च्या रस्त्याने जाताना ही गोष्ट वारंवार मनात येत राहिली.

शाळेच्या मुख्याध्यापकांनी प्रथम चहा दिला आणि मग साठा नोंदवही उघडून समोर ठेवली. मागील देणगीदारांकडून आलेल्या दप्तरांची नोंद तीत होती. त्यांपैकी बरीच दप्तरे कपाटात तशीच पडून होती, कारण एकाच वर्षी दोन गटांनी तीच वस्तू आणली होती. सामुदायिक, म्हणजे सरकारी शाळांत पाठ्यपुस्तके सरकारकडून मोफत मिळतात, त्यामुळे तीही नको होती. त्यांना हवी होती ती मुलींच्या स्वच्छतागृहासाठी पाण्याची टाकी आणि थंडीसाठी जाड स्वेटर. वर्गवार मापे त्यांच्याकडे लिहून तयार होती.

पुढे जाणाऱ्यांनी म्हणूनच खरेदी आधी करू नये. मुख्याध्यापक व विद्यालय व्यवस्थापन समितीकडून लेखी यादी मागवावी, पालिकेच्या शिक्षण शाखेला कळवावे आणि सामान शक्यतो नेपाळमध्येच घ्यावे. वह्या व लेखनसाहित्य काठमांडूच्या भोटाहिटी भागात मिळते, शिवाय सीमेवरील जकातीचा प्रश्न उरत नाही. भारतीय १०० रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर स्थिर असल्याने अंदाजपत्रक करणे सोपे जाते. रोख रक्कम कोणाच्या हाती देऊ नये. ती शाळेच्या बँक खात्यात भरून पावती घ्यावी.

पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद पडतात आणि दशैं-तिहारच्या (दसरा-दिवाळीच्या) काळात शाळांना मोठी सुटी असते, त्यामुळे तिहारनंतरचे आठवडे सर्वांत सोयीचे. शैक्षणिक वर्ष वैशाखात सुरू होते. गणवेश द्यायचे असतील तर त्याआधी पोहोचवावेत.

वाटपाचा समारंभ टाळावा. आम्ही स्वेटर वर्गशिक्षकांकडे सोपवले आणि बाहेर पडलो, त्यामुळे कोणत्याही मुलाला हात पुढे करून छायाचित्रासाठी उभे राहावे लागले नाही. एखाद्या बालगृहात मुलांचे हाल होत असल्याची शंका आली, तर तेथे वाद न घालता नेपाळच्या १०९८ या बाल हेल्पलाइनवर कळवावे.