मानशीची फळी आणि कणगीतलं बी

मांडवी-झुवारी नद्यांच्या काठची खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं, भरतीच्या वेळी नदीच्या पाण्यापेक्षा खाली असतात. दिवाडी, चोडण, मांडूर, नेवरा, कुठेही जा. भातशेत आणि खारं पाणी यांच्यामध्ये एक मातीचा बांध आणि त्यात बसवलेली मानस, म्हणजे पाण्याचं झडपेचं दार, एवढाच आडोसा. गोव्यात अशी जमीन साधारण 18,000 हेक्टर आहे.

मानशीला ना मोटर, ना चाक. ओहोटीला आतलं पाणी लाकडी दार ढकलून नदीत उतरतं. भरती लागली की बाहेरचा दाब तेच दार चौकटीवर घट्ट बसवतो. दार आणि चौकट यांत दोन बोटांची फट राहिली की झालं. फांदी अडकते, शिंपल्यांचा थर चढतो, लाकूड पोखरणारी अळी फळी खाते. कोळंबी आत यावी म्हणून कोणी मुद्दाम पाचर मारून ठेवतो, तो प्रकार तर वेगळाच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्या फटीतून एका भरतीत इतकं खारं पाणी शिरतं की पुढचे कित्येक पाऊस ते धुण्यात जातात. बांधाचंही तसंच: खेकड्याचं बीळ, बार्जच्या (मालवाहू बोटींच्या) लाटा, सुटलेला चिरा. म्हणून उधाणाच्या दिवशी भरती पूर्ण चढलेली असताना बांधाच्या आतल्या बाजूने चालायचं. झिरपणारी जागा तेव्हाच दिसते, ओहोटीला सगळं ठाकठीक वाटतं.

उत्तर हिंद महासागराची पातळी 1993 ते 2017 या काळात वर्षाला सुमारे 3.3 मिलिमीटरने वाढली. आकडा किरकोळ वाटतो. पण नदी जितकी वर, तितका ओहोटीला मानस उघडी राहण्याचा वेळ कमी. त्याच वेळात जुलैचा मुसळधार पाऊसही बाहेर काढायचा असतो. तो निघत नाही, शेत तुंबतं.

एवढं सगळं कूळसंघाच्या, म्हणजे खाजन कसणाऱ्या कुळांच्या संघाच्या, बैठकीत बोललं जातं, कारण बांध आणि मानस पुरुषांच्या अखत्यारीत. मीठ आत आल्यावर काय करायचं ते मात्र बायकांच्या हातात असतं, आणि हवामान बदलाच्या आराखड्यांतून नेमकं तेच गळतं.

बियाण्याचं घ्या. कोरगुट हे खाजनातलं जुनं, खार सोसणारं, कुसळाचं भात. त्याचं बी शेतातल्या सर्वांत चांगल्या वाफ्यातून घेऊ नये. जिथे दरवर्षी मीठ फुटतं, त्या कोपऱ्यात जी लोंबी भरलेल्या दाण्यांनी उभी आहे, ती निवडावी. मळणीयंत्र येण्याआधी, हाताने कापणी चालू असतानाच ती बाजूला काढावी लागते, आणि कापणीला वाकलेली असते बाईच. यंत्राने एकदा सगळं एक केलं की निवड संपली. मग 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतावं, तरंगणारं पोल (पोकळ दाणे) काढून टाकावं, खाली बसलेलं गोड्या पाण्याने दोनदा धुवावं. साठवताना ओलावा 12-13 टक्क्यांच्या वर नको. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे, दबता कामा नये. कणगीत लागेल त्याच्या दीडपट बी असू द्या, पहिली पेरणी खाराने जळाली तर हाताशी राहील. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे. 80 पेक्षा कमी रुजले तर पेरताना बी जास्त घ्यावं.

जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने गोवा धान नावाचे खार सोसणारे वाण दिले आहेत. उत्पन्न हवं असेल तर ते जरूर लावा. पण कोरगुटाचा एक तरी वाफा राखा. पेजेसाठी नव्हे (तीही चांगलीच होते म्हणा), बियाण्याची मूळ थैली आपल्याच घरात राहावी म्हणून.

आता मीठ. मातीतल्या पाण्याची क्षारता 3 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की साधारण भाताचं उत्पन्न पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे 12 टक्क्यांनी घटतं. 3 म्हणजे किती? लिटरभर पाण्यात पाव चमचा मीठ, जवळपास तेवढं. शेतातलं पाणी चाखून अंदाज घेणं जुनं आहे, पण पावसाळ्यात लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती असते, तेव्हा चाखू नका. खिशात मावणारं क्षारता मोजण्याचं मीटर मिळतं. साचलेल्या पाण्याचा त्याने येणारा आकडा अंदाजापुरता असला तरी कामाचा. ते मीटर कूळसंघाच्या कपाटात नको, लावणीच्या टोळीतल्या बाईकडे हवं. आकडा उतरेपर्यंत लावणी थांबवायची, हा निर्णय तिचा.

भात खाराला सर्वांत हळवं असतं ते रोप असताना आणि फुलोऱ्यात. म्हणून तरवा (रोपवाटिका) खाजनात नको, मोरडात (उंचावरच्या शेतात) किंवा परसात गोड्या पाण्यावर करावा. रोप 21 दिवसांऐवजी 30 ते 35 दिवसांचं होऊ द्यावं आणि एका चुडात (एका जागी) 3-4 काड्या लावाव्या. लावणी घाईने उरकली की रोपं पिवळी पडतात, मग नांगे (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला परत बायकाच चिखलात वाकतात. दुसऱ्यांदा केलेलं हे काम घरचं म्हणून कुठल्याच हिशेबात येत नाही.

हक्कांचा घोळ निराळा. गांवकारीत, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेत, जण (उत्पन्नातला वाटा) मिळायचा तो पुरुष वारसांना. 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची त्याची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमीन दिली, पण कसणारा म्हणून नाव लागलं ते बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाचं. गोव्याच्या कौटुंबिक कायद्यात सर्वसाधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी धरतात, तरी एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर दोन्ही नावं असतातच असं नाही. बांध फुटला की नुकसानभरपाईचा अर्ज त्या उताऱ्यावर आणि कृषी कार्डावर होतो. ज्या घरातला पुरुष बोटीवर किंवा आखातात, त्या घरची बाई सहीसाठी ताटकळते. तेव्हा दोन्ही नावं चढवण्याचं काम पाऊस सुरू होण्याआधी उरकावं आणि कार्ड शेतात उतरणाऱ्या माणसाच्या नावे करावं.

आणि कूळसंघाची बैठक संध्याकाळी सातला ठेवू नका, त्या वेळी चुलीवर भात असतो. लावणीच्या दिवसांत दुपारच्या जेवणानंतर बांधावरच बसा. त्या दिवशीचा मीटरचा आकडा तिथेच वहीत लिहून घ्या, शेजारी मानशीच्या फटीचं माप.