एकतीस नकारांचं स्पायरल बायंडिंग

"काका, स्पायरल करायचंय. वरचं प्लास्टिक जाडवालं टाका," म्हणत त्या पोरानं काउंटरवर गठ्ठा ठेवला, तेव्हा मला वाटलं कॉलेजचा प्रोजेक्ट असेल. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या डीटीपी-झेरॉक्सच्या दुकानात मे महिन्यात प्रोजेक्टच जास्त येतात. पानं सरळ करताना सवयीनं नजर टाकली. पहिल्या पानावर 'वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू'. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर मराठीत, 'कळविण्यास खेद होतो की'.

"हे सगळे नकारच आहेत की रे."

"व्हय. एकतीस आहेत. तारखेप्रमाणं लावलेत, उलटसुलट करू नका."

मी मशीन बंद केलं आणि त्याला स्टूल दिलं. दुपारचे अडीच वाजले होते. उन्हानं रस्ता मोकळा होता आणि गिऱ्हाईक म्हणाल तर तो एकटाच.

पोरगा बीकॉम. अकाउंट असिस्टंट, डेटा एंट्री, टॅलीवाला, जे दिसेल तिथं अर्ज. पुणे, हैदराबाद, इथली एमआयडीसी, काही सोडलं नव्हतं. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. "नान्ना रोज म्हणतेत, दिवसभर मोबाइल घेऊन बसलालास, प्रयत्न कुठं करलालास बे? तोंडी सांगून पटंना. आता पुस्तकच देतो हातात."

बावीस वर्षं मी लोकांचे अर्ज टाइप करतोय. 'महोदय' लिहून लिहून कीबोर्डावरचं म अक्षर पुसलं गेलंय. पण अर्ज इथून निघतात आणि उत्तरं भलतीकडं पोचतात, ती बघायला मिळत नाहीत. त्या दिवशी मिळाली. आम्ही दोघं ती एकेक करून वाचायला लागलो.

चौथ्या पत्राची सुरुवात होती, 'डिअर फर्स्ट नेम'. पोरगा म्हणाला, "मला वाटलं इंग्रजीत असंच म्हणत असतील." मी त्याला मेल मर्ज समजावून सांगितलं. एका तक्त्यात नावं, एक तयार मजकूर, मजकुरात नावासाठी रिकामी जागा. तक्त्यातल्या रकान्याचं नाव आणि मजकुरातलं नाव जुळलं नाही, की रामाचं नाव शामालासुद्धा लागत नाही, रिकाम्या जागेचं नावच सगळ्यांना जातं. मी स्वतः एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेच्या नोटिसा अशाच छापल्या होत्या. चारशे सभासदांना 'श्री. सभासदाचे नाव यांस'. त्यामुळं मला जास्त हसता येईना.

अकराव्या पत्रात त्यानं अर्जच न केलेल्या जागेसाठी नकार होता. सीनियर मॅनेजर, एक्स्पोर्ट. "हे आपलं आवडतंय," तो म्हणाला. "निदान त्या पदासाठी नाकारला गेलोय." एका कंपनीनं एकाच अर्जाला दोनदा नकार दिला होता, आठवड्याच्या अंतरानं. पहिला नकार नीट बसला नसेल म्हणून. एक मेल रात्री दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी आलेला. त्यात 'आमच्या टीमनं आपल्या अर्जाचा बारकाईनं विचार केला' असं होतं. आम्ही दोघांनी ती टीम डोळ्यांसमोर आणली. रात्रीचे पावणेतीन, टेबलाभोवती सहा माणसं, मध्ये ह्याचा बायोडाटा आणि कुणाला झोप नाही.

'भविष्यात योग्य संधी उपलब्ध झाल्यास आपला जरूर विचार करू' हे वाक्य एकतीसपैकी एकोणीस पत्रांत होतं. त्यानं पेन्सिलीनं मोजून ठेवलं होतं. "म्हणजे एकोणीस कंपन्या माझा विचार करलाल्यात बघा काका. उचकी लागायला पाहिजे की."

मग मलाही राहवेना. ड्रॉवरच्या खालच्या कप्प्यात माझी फाइल असते. मी गोष्टी लिहितो. म्हणजे लिहून दिवाळी अंकांना पाठवतो, पुढचं त्यांच्या हातात. पूर्वी नियम असायचा की स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडावं. म्हणजे नकार परत येताना स्वतःच्याच अक्षरात यायचा. पोस्टमननं लांबून हात वर केला की मी अक्षर ओळखायचो. माझंच. उघडायची गरज नसायची. आत बोटभर चिठ्ठी, 'साभार परत'. आभार कसले, ते आजतागायत कळलेलं नाही. एका संपादकांनी गोष्ट परत पाठवली आणि सोबत वार्षिक वर्गणीचा फॉर्म जोडला. एका पाकिटात माझ्या गोष्टीऐवजी कुणा भलत्याचीच कविता आली, पावसावर. माझी गोष्ट त्या कवीच्या घरी गेली असणार. त्यानं ती कुठं छापून आणली असेल तर माझी हरकत नाही. आणि एक गोष्ट परत आली, तिच्या सातव्या पानावर चहाच्या कपाचा गोल होता. ती मी जपून ठेवलीय. सातव्या पानापर्यंत कुणीतरी पोचलं होतं याचा तेवढाच पुरावा.

पोरगा पोट धरून हसत होता. मला चेव आला. मी त्याला लंडनच्या आर्थर फिफिल्ड या प्रकाशकाचं सांगितलं. गर्ट्रूड स्टाइन ही अमेरिकन लेखिका एकच वाक्य फिरवून फिरवून लिहायची. १९१२ साली तिचं हस्तलिखित परत करताना त्यानं पत्रही तिच्याच चालीवर लिहिलं. मी एकच आहे, एकच, मला डोळ्यांची जोडी एकच, आयुष्य एकच, त्यामुळं तुमचं लिखाण तीनचारदा वाचू शकत नाही, एकदाही नाही. इथं जेमतेम एक प्रत खपेल, जेमतेम एक, जेमतेम एक. आणि जॉर्ज ऑर्वेलचं 'अ‍ॅनिमल फार्म' म्हणजे शेतावरच्या जनावरांवर डुकरं राज्य करतात ती कादंबरी. ती १९४४ साली कवी टी. एस. एलियटनं परत केली, ते प्रकाशन संस्थेत काम करायचे तेव्हा. त्यांचं एक म्हणणं असं की तुमची डुकरं बाकी जनावरांपेक्षा हुशार आहेत, म्हणजे तीच कारभार बघायला लायक. हवीत ती फक्त लोकांची जास्त काळजी असलेली डुकरं. पुढच्या वर्षी ते पुस्तक दुसरीकडून आलं आणि जगभर गेलं.

"ह्यांनी निदान वाचून तरी नाही म्हटलं," पोरगा म्हणाला. मग हसू जरा खाली बसलं.

तेवढ्यात त्याचे वडील आले. पहिली पाळी साडेतीनला सुटली होती. शर्टावर कापसाची पांढरी बारीक लव. पोरानंच त्यांना दुकानावर बोलावलं होतं, पुस्तक तयार झालं की हातात ठेवायला. पण गप्पांत बायंडिंग राहूनच गेलं होतं. त्यानं सुटा गठ्ठाच त्यांच्यापुढं धरला.

"एन्नि?" त्यांनी विचारलं. किती, एवढं तेलुगू सोलापुरात कुणालाही कळतं.

"मुप्पै ओकटि."

"एवढ्या ठिकाणी केलतास व्हय?" ते मराठीत म्हणाले, बहुतेक माझ्यासाठी. आणि स्टुलावर बसून पानं उलटायला लागले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण पानावरून हात फिरवायची पद्धत वेगळी होती. तळहात सपाट, वरून खाली, मग कागद उजेडाकडं. फोल्डिंग खात्यात चेकिंगला होते ते. वीस वर्षं टॉवेल बघत होते.

अर्ध्यातून त्यांनी मान वर केली. "मालक, आमच्यात माल सेकंडमध्ये काढला ना, तर खोट कुठाय तिथं खडूनं खूण करतेत. धागा तुटलाय का, तेलाचा डाग आहे का, लूप गेलेत का. नुसतं नापास म्हणून फेकत नाहीत, मागचा माणूस विचारतो ना. ह्यात खूण कुठाय?"

मी आणि पोरगा एकमेकांकडं बघत राहिलो. एकतीस पानांत खडूची एक खूण नव्हती. माझ्या फाइलीतही नव्हती, चहाचा गोल धरला तरी.

ते शेवटच्या पानापर्यंत आले. पोरानं तिथं परिशिष्ट म्हणून स्वतःचा बायोडाटा लावला होता. त्यांनी हात फिरवला आणि बोट थांबलं.

"ह्यो तुझा नंबर हाय का?"

"मग कुणाचा?"

"ह्यात एक सात कमी हाय."

पोरगा हसला. मग त्यानं वाकून बघितलं. मग मी चष्मा लावून बघितलं. नंबरात ओळीनं दोन सात होते, बायोडाटावर एकच. नऊ आकडी नंबर. वडलांकडं बटणाचा मोबाइल, पोराचा नंबर ते रोज पाठ म्हणून दाबायचे. पोरानं मात्र ऑनलाइन फॉर्मात नंबर हातानं भरलेला, बायोडाटातला कधी वाचलाच नव्हता. स्वतःचा नंबर कोण वाचतो?

पानाच्या तळाशी माझ्या दुकानाचं नाव होतं, अगदी बारीक अक्षरात. ते तिथं टाकायची मला खोड आहे. फुकटची जाहिरात. दोन वर्षांपूर्वी तो बायोडाटा मीच टाइप केला होता. तीस रुपये घेतले होते.

कानशिलं तापली. किती जणांनी फोन लावून बघितला असेल, कुणी लावलाच नसेल, काही सांगता येत नव्हतं. "माझी चूक," एवढंच म्हणालो. वडील काहीच बोलले नाहीत. काउंटरवरचं माझं लाल पेन घेऊन त्यांनी त्या नंबराखाली एक छोटी फुली मारली.

आधी पोरगाच फुटला. हसत हसत म्हणाला, "काका, आता मला तुमच्याकडून पत्र पाहिजे. बत्तीसावं. सगळ्यात वर लावायचं."

मी बसलो टाइप करायला. आयुष्यात पहिल्यांदा पलीकडच्या बाजूनं. भाषा आपोआप आली, दुपारभर तीच तर वाचत होतो.

'महोदय, आपणांस कळविण्यास खेद होतो की आपल्या भ्रमणध्वनी क्रमांकातील एक सात आमच्या हातून गळाला. आमच्या दुकानावर दाखविलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत. सदर सात आमच्याकडे उपलब्ध झाला असून तो सोबत साभार परत करीत आहोत.'

दुरुस्त बायोडाटाच्या दहा प्रती काढल्या, स्पायरल घातलं, जाड प्लास्टिक टाकलं. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. पोरानं बळंच वीसची नोट काउंटरवर ठेवली, मी ती त्याच्या खिशात कोंबली, अशी दोनदा झटापट झाली.

वडलांनी पुस्तक हातात घेतलं. पहिलं पान उजेडाकडं धरलं, तळहात वरून खाली फिरवला आणि खालच्या कोपऱ्यात थांबवला.

"मालक, सही राहिली की."