सोयाबीनच्या गाठीतलं लोखंड

पेरणीला पस्तीसेक दिवस झाले असतील, डवरणी आटोपलेली, दोन दिवस पावसानं उघाड दिली होती आणि बाबा धुऱ्यावरून हाका मारत होते, "ये वं माय, हे पाय काय झालं सोयाबीनच्या मुयाले." मी चहा तसाच ठेवून गेले तर त्यांच्या हातात उपटलेलं झाड, मुळांवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गाठीच गाठी. त्यांना वाटलं कीड. सूत्रकृमी असेल तर औषध आणावं म्हणत होते. मी एक गाठ नखानं काढली, ती चट्कन तुटून हातात आली (सूत्रकृमीची असती तर मुळीच फुगलेली असते, अशी सुटून येत नाही), मग ती नखानंच फोडली. आतून गुलाबी, लालसरच म्हणा, हिरडीसारखा रंग. बाबा म्हणे, "रक्त हाये काय हे?"

आता याचं खरं उत्तर "हो, जवळपास" असं आहे, आणि तिथून जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं. अमरावतीला एमएस्सी करताना ज्या एन्झाइमनं माझं एक अख्खं सेमिस्टर खाल्लं ते आमच्याच वावरात कामाला लागलेलं होतं आणि घरच्यांना मी ते कधी सांगितलंच नव्हतं, म्हणून आज इथे पण लिहिते.

तर तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा चुलतभाऊ, तसंच मधोमध लोखंड, तसंच ऑक्सिजन धरून ठेवणं. ते बनवतं झाड. पण गाठीत राहतात बॅक्टेरिया, ब्रॅडीरायझोबियम नावाचे, आणि त्यांच्या पोटात जे खरं यंत्र आहे त्याचं नाव नायट्रोजिनेज, माझं सेमिस्टर खाणारं एन्झाइम ते हेच. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, आपण त्यात बुडालेलो आहोत, पण पिकाला त्याचा काडीचा उपयोग नाही कारण नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तीन-तीन बंधांनी धरून बसलेले असतात. ती पकड सोडवून अमोनिया बनवायला खताच्या कारखान्यात ४०० ते ५०० डिग्री तापमान, शेकडो पट दाब आणि लोखंडाचा कॅटॅलिस्ट लागतो. ही हेबर-बॉशची पद्धत, जर्मनीत १९१३ पासून चालू. आणि इकडे हा बॅक्टेरिया तेच काम चिखलात बसून करतो, आपल्या वावराच्या तापमानाला. लोखंड मात्र त्यालाही लागतंच. मला हेच भारी वाटतं की दोघांनी शेवटी हात घातला तो लोखंडालाच.

या यंत्राचे दोन भाग आहेत. लहान भागात दोन सारखी प्रोटीनं एकमेकांना टेकलेली आणि त्यांच्या सांध्यात एक इवलासा ठोकळा, लोखंडाचे चार अणू गंधकाचे चार, ठोकळ्याच्या आठ कोपऱ्यांवर एक आड एक. मोठा भाग चार तुकड्यांचा, आपल्या हिमोग्लोबिनच्या साडेतीन पट वगैरे वजनाचा. त्यात दोन प्रकारची लोखंडाची गाठोडी आहेत, प्रत्येक प्रकारची दोन-दोन. पहिल्याला पी-क्लस्टर म्हणतात, त्यात आठ लोखंड सात गंधक, म्हणजे दोन ठोकळे एका कोपऱ्यावर जोडल्यासारखे. दुसरं जे आहे तिथे खरी झटापट होते: सात लोखंड, नऊ गंधक, एका टोकाला मॉलिब्डेनम या धातूचा एक अणू, त्याला चिकटलेलं होमोसायट्रेट नावाचं एक सेंद्रिय आम्ल, आणि बरोब्बर मधोमध एक कार्बनचा अणू. या कार्बनची गोष्ट मजेशीर आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत डग्लस रीस यांच्या ग्रुपनं ॲझोटोबॅक्टर नावाच्या दुसऱ्या एका बॅक्टेरियातल्या या एन्झाइमची रचना एक्स-रेनं काढली तेव्हा मधली जागा रिकामीच दिसली. २००२ मध्ये कळलं की तिथे काहीतरी हलकं बसलंय, पण काय ते ठरेना, नायट्रोजन का कार्बन का ऑक्सिजन, आणि २०११ मध्ये पक्कं झालं की कार्बन. एका अणूसाठी जवळपास वीस वर्षं. आमच्या मॅडम हे सांगताना दर वेळी हसायच्या.

काम कसं चालतं ते बाबांना सांगताना मी विहिरीवर आले. लहान भाग म्हणजे बादली घेऊन पळणारा माणूस. एका खेपेला एकच इलेक्ट्रॉन. मोठ्या भागाजवळ येतो, चिकटतो, बादली ओततो (इलेक्ट्रॉन पी-क्लस्टरकडून त्या मॉलिब्डेनमवाल्या गाठोड्यात जातो), सुटतो, परत भरून येतो. दर खेपेची मजुरी दोन एटीपी (एटीपी म्हणजे पेशीचं एनर्जीचं चलन). एका नायट्रोजनच्या रेणूला आठ खेपा, म्हणजे सोळा एटीपी, आणि हातात पडतात अमोनियाचे फक्त दोन रेणू. त्यातही आठपैकी सहाच इलेक्ट्रॉन अमोनियाला लागतात, उरलेल्या दोनांचा हायड्रोजन वायू होऊन जातो. बाबा लगेच, "म्हणजे अडत कापून घेतली." अगदी अडतच! गंमत म्हणजे ब्रॅडीरायझोबियमच्या काही जातींकडे आणखी एक एन्झाइम असतं, निकेल आणि लोखंडवालं, ते हा सुटलेला हायड्रोजन पकडून त्यातली थोडी एनर्जी वसूल करतं. अडत्याकडून पैसे परत घेणारे शेतकरी मी अजून पाहिले नाहीत, बॅक्टेरिया पाहिलेत.

आणि हे यंत्र हळू आहे बरं का, लय हळू. एका जागेवरून सेकंदाला एखाद-दोन अमोनिया. म्हणून बॅक्टेरिया ते ढीगभर बनवून ठेवतो, आणि तेवढं लोखंड लागतं.

आता खरी अडचण. हे लोखंड-गंधकाचे ठोकळे ऑक्सिजन लागला की खराब होतात. लहान भाग तर उघड्या हवेत मिनिटाच्या आत निम्मा निकामी होतो. पण सोळा-सोळा एटीपी बनवायचे तर बॅक्टेरियाला श्वास घ्यावाच लागतो, म्हणजे ऑक्सिजन पाहिजेच. पाहिजे पण आणि नको पण. मग झाड मध्ये पडतं आणि लेगहिमोग्लोबिन घालतं, ते ऑक्सिजनला हातात धरून बॅक्टेरियाच्या दारापर्यंत सोडतं, मोकळा फिरू देत नाही. बदल्यात झाड पानातली साखर मॅलेट (एक सेंद्रिय आम्ल) करून गाठीत पाठवतं. म्हणून गाठ आतून गुलाबी असली की समजायचं कारखाना चालू आहे. पांढरी असली तर काम नाही, आणि शेंगा भरत आल्या की हिरवट-करडी पडते, म्हणजे संपलं.

एमएस्सीला आम्ही हे मोजलं होतं ते वेगळ्याच पद्धतीनं. या एन्झाइमला ॲसिटिलीन दिला तर ते नायट्रोजन सोडून त्यालाच धरतं आणि इथिलीन बनवतं, मग मशीनवर इथिलीन मोजायचं. ॲसिटिलीन म्हणजे तोच, वेल्डिंगवाल्याच्या सिलिंडरमधला, आणि कार्बाइडला ओल लागली की सुटतो तोच, ज्याच्यावर चोरून आंबे पिकवतात. कापलेल्या गाठी बाटलीत घालून बूच लावून बसायचं. माझी पहिली बाटली गळकी निघाली आणि रीडिंग शून्य. असो.

हे सगळं चालू असताना शेजारचे काका आले, त्यांच्या खांद्यावर युरियाचं घमेलं. म्हणे, "पानं पिवळी पडू रायली, दोन मुठी फेकतो." मी म्हटलं काका, थांबा, कोणती पानं पिवळी ते आधी बघू. खालची जुनी पिवळी असती तर नत्राची गोष्ट होती. त्यांची शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोखंड कमी. आपल्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत लोखंड भरपूर असतं पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही, त्यात वावरात पाणी साचलं की आणखीच बेकार. त्याला हिराकसची (लोखंडाच्या क्षाराची) फवारणी, युरिया नाही. उलट पेरणीच्या वेळचा थोडा नत्र ठीक, पण उभ्या सोयाबीनला युरिया दिला की झाड म्हणतं मला आयतं मिळतंय तर मी साखर खर्च करून या बॅक्टेरियाला कशाला पोसू, आणि गाठी काम कमी करतात. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे वीस किलोच्या वर, पैसे देऊन आणायचं आणि फुकटचा कारखाना बंद करायचा. काकांना पटलं का माहीत नाही. घमेलं खाली ठेवलं एवढं खरं.

बाबांनी मग आठवण काढली की दोन वर्षांमागं बियाण्याला चोळायला आणलेल्या रायझोबियमच्या (याच गाठीवाल्या बॅक्टेरियाच्या) पाकिटानं काहीच झालं नव्हतं. झालं नसणारच. दुकानाबाहेर पत्र्याखाली उन्हात ठेवलेलं पाकीट होतं ते, आतले जीव केव्हाच मेलेले, आणि वरून आम्ही गुळाच्या पाण्यात कालवून तेच बुरशीनाशकासोबत एकदमच चोळलं. आधी बुरशीनाशक, ते सुकलं की शेवटी कल्चर, आणि बी सावलीत वाळवून लगेच पेरायचं, हे तेव्हा मीही सांगितलं नव्हतं कारण मी होस्टेलवर परीक्षेत नायट्रोजिनेजचं चित्र काढत होते.

रात्री जेवताना बाबा म्हणे, "मंग हेच पाकीट रब्बीत हरभऱ्याले चालते नं?" नाही चालत. आतलं यंत्र तेच, लोखंड तेवढंच, पण हरभऱ्याचा बॅक्टेरिया वेगळा, सोयाबीनवाला त्याच्या मुळात शिरणार नाही. ते ऐकून त्यांनी आईकडे पाहिलं आणि म्हणे, "पाय, जात तिथंबी हाये." आई म्हणाली, भाकरी थंड होते, खा आधी.