रविवारचा एक किलोमीटर

गाडीत बसल्या बसल्या काकांनी मोबाइल पुढे केला. "हे बघा, क्वालालंपूर ते सिंगापूर 350 किलोमीटर, चार तास. तुमच्या पत्रकात सात कसे?" टूर मॅनेजरला हे रोजचंच. "मध्ये सीमा आहे काका," एवढंच म्हणालो. खरं तर सातावर माझाही भरवसा नव्हता. रविवार होता.

क्वालालंपूरजवळच्या बातू केव्ह्ज मंदिराच्या 272 पायऱ्या चढून-उतरून अकराला निघालो होतो. पुढच्या पाच तासांत सांगण्यासारखं काही नाही. गुळगुळीत महामार्ग, दोन्ही बाजूंना तेलपामच्या बागा, सीटांवरून फिरणारा चकल्यांचा डबा. चारला मलेशियाचं सीमेवरचं शहर जोहोर बाहरू आलं, तेव्हा काका घड्याळाकडे बघून गालात हसत होते.

सगळे खाली उतरले, मलेशियातून बाहेर पडायची तपासणी झाली, परत गाडीत. समोर कॉजवे, म्हणजे सिंगापूरला जोडणारा रस्ता. समुद्रावरचा जेमतेम 1 किलोमीटर. गाडी त्यावर चढली आणि थांबली ती थांबलीच.

सिंगापूरकर शनिवार-रविवारी स्वस्त खरेदीला, जेवायला, पेट्रोल भरायला जोहोरला येतात. (टाकी पाऊण भरलेली नसेल तर सिंगापूर आपली गाडी बाहेर सोडतच नाही, इतका या पेट्रोलचा मोह.) रविवारी संध्याकाळी सगळे एकदम घरी निघतात. आमच्या शेजारून माणसं पिशव्या घेऊन चालत पुढे जात होती आणि आम्ही एसीत बसून त्यांच्याकडे बघत होतो.

"हे जाडजूड पाइप कसले हो?" काकूंनी विचारलं.

"पाण्याचे. सिंगापूर जोहोरकडून पाणी घेतं. 2061 पर्यंतचा करार आहे."

"म्हणजे आमच्या सोसायटीच्या टँकरसारखंच की!"

दीड तास झाला आणि काकांनी शांतपणे मोज्यातून तंबाखूची पुडी काढली. मला घाम फुटला. खायच्या तंबाखूवर सिंगापुरात बंदी आहे, हे मी सकाळपासून माइकवरून तीनदा सांगितलं होतं. जोहोरच्या कचरापेटीत त्यांनी एक पुडी टाकलीही होती, माझ्या डोळ्यांदेखत. ही दुसरी. "फेकू का खिडकीतून?" म्हणाले. खिडकी उघडत नव्हती, हे नशीब.

वुडलँड्सला, सिंगापूरच्या तपासणी नाक्यावर, सगळ्या बॅगा उतरवल्या. स्कॅनरच्या रांगेत लागायच्या आधीच मी काकांना रेड चॅनेलला घेऊन गेलो आणि पुडी स्वतःहून पुढे केली. अधिकाऱ्याने ती उघडली, वास घेतला, चुन्याची डबी बोटाने उलटसुलट केली आणि दोन्ही ठेवून घेतलं. काका त्या डबीकडे वळून वळून बघत होते.

लिटल इंडियात जेवायला बसलो तेव्हा दहा वाजले होते. काका जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

आता जोहोर ते वुडलँड्स रेल्वेचं काम चालू आहे, पाच मिनिटांत पलीकडे नेणार म्हणतात. नेईल तेव्हा नेईल. परवा एका बाईंनी फोनवर विचारलं, "क्वालालंपूर ते सिंगापूर किती तास लागतात हो?"

मी म्हटलं, "वार कुठला?"