ओळ 88 वरच का तोडायची? तुम्ही विचारलंत म्हणून

“एवढे रुंद मॉनिटर असताना कोडची ओळ 88 अक्षरांवर का तोडायची?” टीममध्ये नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो आणि जुने माझ्याकडे बोट दाखवतात. एकदाच लिहून टाकतो.

ओळीच्या मर्यादेचा जुना आकडा 80; तो आयबीएमच्या 1928 च्या पंचकार्डाचा, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवायच्या कार्डाचा. तिथून तो टर्मिनलवर, म्हणजे जुन्या मजकुरी स्क्रीनवर, आला आणि टर्मिनलं गेली तरी मुक्काम ठोकून राहिला. हे मला सांगू नका; मीच पूर्वी यावरून तावातावाने भांडायचो. 2020 मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) कोड तपासणाऱ्या स्क्रिप्टने लांब ओळीच्या इशाऱ्याची मर्यादा 100 वर नेली, तेव्हा ती बातमी मीच सगळ्यांना फॉरवर्ड केली होती. 80 जुनाट झाला, हा मुद्दा आजही खोडता येत नाही.

पण रिलीजच्या आदल्या रात्रीचं ते मर्ज, म्हणजे दोघांनी वेगवेगळे केलेले बदल एकत्र करणं. स्क्रीनवर तीन खिडक्या: आमची ब्रँच (कोडची आमची प्रत), दुसऱ्या टीमची ब्रँच, मूळ कोड. बिलिंगमधली सवलतीची अट, दोनशेच्या आसपास अक्षरांची, सलग एका ओळीत. तिन्हीकडे दिसणारा भाग हुबेहूब सारखा, तरी टूल म्हणतंय कॉन्फ्लिक्ट, बदल जुळत नाहीत. आधी टॅब-स्पेसवर संशय घेतला, मग लाइन एंडिंगवर (ओळ संपल्याची अदृश्य खूण). फरक निघाला पार उजवीकडे, खिडकीबाहेर: एकीकडे ‘<’, दुसरीकडे ‘<=’. उजवीकडे सरकावं तर डावीकडचे कंस गायब, त्यामुळे कुठली अट कुणाला लागू हे कळेना. शेजारची सहकारी शेवटी ओळ कागदावर उतरवायला लागली. मॉनिटर रुंदच होता हो! तीन खिडक्यांनी वाटून घेतला होता.

“म्हणजे तुमच्या एका रात्रीची शिक्षा आम्हाला?” थोडं तसंच आहे. आणि 88 मध्ये काही जादू नाही. पायथन भाषेची कोड लिहिण्याची नियमावली, पेप-8, सांगते 79, टीमचं एकमत असेल तर 99 पर्यंत मुभा देते. 88 हा ब्लॅक या फॉरमॅटरचा (कोडची मांडणी आपोआप करणारं टूल) डिफॉल्ट, म्हणजे वाद घालायला समोर माणूस नाही, एवढाच त्याचा गुण.

तोटेही दिसतात. ओळ बसवायला लोक व्हेरिएबलच्या नावांचे लचके तोडतात, आणि ती नावं लांब ओळीपेक्षा वाईट. मराठी टेस्ट डेटाची तर वेगळीच गंमत: पायथन ‘क्षि’ ची लांबी 4 मोजतो, म्हणजे आखूड दिसणारी ओळही लिंटरला, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या टूलला, लांब वाटते. गो भाषेच्या फॉरमॅटरला ओळीची मर्यादाच नाही, तरी तिथली मंडळी सुखात आहेत. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

100 चा प्रस्ताव जरूर आणा. लॅपटॉपवर तीन खिडक्या उघडून दाखवा, मी ऐकेन. 120 वाल्यांनी मात्र जेवणानंतर यावं.